लिव्हर नसलेला क्लच

१९७०-८०च्या दशकांतली होंडाची जुनी तीनचाकी एटीव्ही समोर आली की नवखा मेकॅनिक आधी हँडलवर क्लचचा लिव्हर शोधतो. बहुतेक मॉडेलांत तो तिथे नसतोच. क्लच मात्र असतो, आणि त्याच्या कुरबुरी समजून घ्यायच्या तर जपानी नूडल्सवाल्यांपर्यंत मागे जावं लागतं.

पन्नासच्या दशकात जपानी उपाहारगृहांतली पोरं एका हातावर सोबा नूडल्सचे ट्रे तोलत आणि दुसऱ्या हाताने सायकल सांभाळत घरपोच जेवण देत. सोइचिरो होंडा आणि कंपनीचा व्यवहार पाहणारे ताकेओ फुजिसावा यांनी छोट्या मोटारसायकलचा घाट घातला, तेव्हा ही पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. गाडी एका हाताने चालली पाहिजे, ही अट ठरली. ऑगस्ट १९५८मध्ये आलेल्या ४९ सीसीच्या सुपर कबमध्ये डाव्या हाताचं क्लच दाबण्याचं काम दोघांत वाटून दिलं. पहिला वाटेकरी इंजिनचा वेग: रेस वाढली की फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच धरतो. दुसरा वाटेकरी पाय: गिअरची पट्टी दाबताच आधी क्लच सुटतो, मग गिअर पडतो. आपल्याकडची हिरो होंडा स्ट्रीट याच घराण्यातली.

साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विक्रेत्यांना वेगळीच चिंता होती. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत. ओसामु ताकेउची यांनी त्यावर फुगीर, कमी हवेच्या टायरांची तीनचाकी उभी केली. १९७०मध्ये ती यूएस९० म्हणून विकायला आली, पुढे एटीसी९० झाली. ८९ सीसीचं इंजिन होंडाच्या छोट्या गाड्यांच्या गोतातलं, आणि क्लचही त्याच वळणाचा. तीनचाकी उलटून होणारे अपघात वाढले आणि सरकार आणि उत्पादकांतल्या १९८८च्या करारानंतर अमेरिकेत तिची विक्री थांबली. तोवर हा क्लच चारचाकी एटीव्हीत जाऊन बसला होता.

दुरुस्तीची उकल इंजिनचा वेग आणि पाय यांच्या याच वाटणीत आहे. गिअरमध्ये असताना गाडी आपोआप पुढे सरकते? इंजिन खोलण्याआधी कार्ब्युरेटर बघा. आयडलिंग चढं असेल तर वजनं अर्धवट फेकली जातात आणि क्लच पुरता सुटतच नाही. आयडलिंग ठीक, पण गिअर कडक पडतो किंवा कट्कन धक्का बसतो? मग पायाच्या वाटेला पाहायचं. इंजिनच्या बाजूच्या झाकणावर लॉकनट आणि त्यात खाच असलेला स्क्रू असतो. नट ढिला करून, बऱ्याच मॉडेलांत स्क्रू डावीकडे हलकेच फिरवत न्यायचा. बोटाला अडखळ जाणवली की थांबायचं, उजवीकडे अष्टमांश ते पाव फेरा परत यायचं आणि स्क्रू धरून ठेवूनच नट आवळायचा. नेमका फेरा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा.

रेस वाढते पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. तेव्हा आधी ऑइल विचारा. प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजतात, आणि मोटारींच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. म्हणून डब्यावर जासो एमए ही ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहून घ्यावी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत प्लेटा एकमेकींना चिकटतात तेही बहुधा जुन्या ऑइलच्या राळेमुळे. स्क्रू, आयडलिंग आणि ऑइल यांनी भागलं नाही, तरच झाकण उघडून प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी मोजायची.