मोठ्या शिकारीतील रिव्हॉल्व्हर

हरीण, रानडुक्कर, अस्वल अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीचे शस्त्र म्हणजे रायफल, हा सर्वमान्य संकेत. अमेरिकेत मात्र रिव्हॉल्व्हरने शिकार करण्याची स्वतंत्र परंपरा विसाव्या शतकात रुजली. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काडतुसाचे रिव्हॉल्व्हर आणले आणि कंपनीच्याच मेजर डग्लस वेसन यांनी त्याने मोठी जनावरे टिपून दाखविली. पुढे आयडाहोतील पशुपालक व लेखक एल्मर कीथ यांच्या पाठपुराव्यातून १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम अवतरले. या शिकारीत आजही तेच प्रमाण मानले जाते.

त्याची सुमारे साडेपंधरा ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेगाने सुटते. आकडा मोठा वाटतो. पण साध्या शिकारी रायफलीच्या गोळीचा वेग याच्या जवळपास दुप्पट असतो. वेगवान गोळी आपल्या मार्गाभोवतीच्या ऊतींनाही इजा करते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचे काम मुख्यतः तिने पाडलेल्या छिद्रापुरतेच. म्हणून ती खोलवर गेली पाहिजे आणि हृदय-फुप्फुसांतूनच गेली पाहिजे. जाड कातडीच्या, भक्कम हाडांच्या जनावरासाठी कठीण शिशाची, सपाट टोकाची गोळी निवडतात. हरणासाठी आघाताने पसरणारी गोळी पुरते.

निवड करताना शक्तीचा मोह आवरणे सर्वांत कठीण. २००३ मध्ये आलेले .५०० मॅग्नम .४४ हून कितीतरी प्रबळ आहे. पण त्याच्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच मनगट आखडत असेल, तर ती शक्ती व्यर्थ. .४४ मॅग्नमच्या शस्त्रात सौम्य .४४ स्पेशल काडतुसेही चालतात, त्यामुळे सरावाची सुरुवात त्यांवर करता येते. जड शस्त्र धक्का पचविते, लांब नळीने नेम साधणे सोपे जाते. हलक्या शस्त्रात धक्क्याने शिल्लक काडतुसांतील गोळ्या पुढे सरकून चक्रच अडकू शकते, हे नवख्याला ऐन वेळी कळते. चक्र व नळी यांमधील फटीतून तप्त वायू बाहेर पडतो. बोटे तेथून दूर हवीत. कानांचे संरक्षण तर अनिवार्यच.

किती अंतरावरून गोळी झाडावी? पंधरा सेंटिमीटरच्या ताटलीत, प्रत्यक्ष रानातल्या बैठकीतून, सर्व गोळ्या ज्या अंतरावरून बसतात तेच आपले अंतर. अनेकांचे ते पन्नास मीटरच्या आतच भरते. जनावर तिरपे उभे असेल, झुडपाआड असेल, तर हात खाली घ्यावा. जखमी जनावर निसटले तर त्याचे हाल होतात, आणि अस्वल असेल तर शिकाऱ्याचेही. गोळी लागूनही जनावर धावले तर लगेच मागे लागत नाहीत. थोडे थांबून रक्ताच्या खुणांवरून माग काढतात. कोणत्या जनावरासाठी किमान कोणते काडतूस चालेल, हे तेथील प्रत्येक राज्य स्वतः ठरविते.

आपल्याकडे हा विषय वाचण्यापुरताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने छंदाची शिकार संपली. संस्थानिकांच्या काळातही वाघापुढे रायफलच असे.