शहाजोग हुंडीपासून धनादेशापर्यंत : काही व्याख्यांचा इतिहास

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांच्या इतिहासात सनदा, इनामे, मोहिमा आणि देवस्थाने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी कसा जात असे, तो कोणाकडे ठेवला जाई आणि बुडाला तर कोणाचा बुडे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक पुण्याहून उज्जैनला, बडोद्याला किंवा भागानगरला येऊन राहिलेल्या कुटुंबांचा संसार ज्या दोन-तीन कागदांवर चालत असे, त्यांत हुंडीचे स्थान सनदेच्या खालोखाल होते. पुढे हुंडीची जागा धनादेशाने घेतली. हा पालट केवळ कागदाचा नव्हता. व्यवहारातील विश्वास माणसाच्या नावावरून कायद्यातील शब्दांच्या व्याख्येवर कसा येऊन बसला, याची ही कथा आहे. या व्याख्या रुक्ष वाटतात, परंतु पैसा हरवला की नुकसान कोणी सोसायचे हे त्याच ठरवितात. म्हणून त्यांचा इतिहास थोडा उलगडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

अठराव्या शतकात उत्तरेतील चौथाईची व खंडणीची रक्कम पुण्यास पोचवायची, तर ती रोकड स्वरूपात नेणे धोक्याचे होते. वाटेत चोर-लुटारू, नद्यांचे पूर आणि प्रत्येक मुलुखातील निराळे नाणे, अशा तिहेरी अडचणी होत्या. म्हणून सावकाराच्या पेढीवर रक्कम भरून दुसऱ्या गावच्या पेढीवर हुंडी घेण्याचा प्रघात होता. या कामाचा मोबदला आणि दोन नाण्यांतील फरक मिळून जो आकार पडे, त्यास हुंडणावळ म्हणत. दाखविताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी द्यावयाची ती मुदती हुंडी. पैसे दिल्यावर रद्द झालेल्या हुंडीस खोखा म्हणत. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ आणि तीही गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती. नरसी मेहत्याने द्वारकेच्या शामळशा शेठवर लिहून दिलेल्या हुंडीची कथा बडोद्याकडील मंडळींना सांगावयास नकोच. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती सकारली तरच लिहिणाऱ्याची पत राहते, हे हुंडीशास्त्राचे मूलतत्त्व त्या भक्तिकथेत पूर्णपणे उतरले आहे.

हुंडीच्या प्रकारांत आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे शहाजोग हुंडी. ही हुंडी कोणाही आणणाऱ्यास वटवून मिळत नसे. बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे, ज्याला सर्व पेढ्या ओळखतात, अशा 'शहा'च्या हातीच तिचे पैसे द्यावयाचे असत. चोराने हुंडी पळविली तरी तिचे पैसे मिळण्यासाठी त्याला कोणातरी प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या दारी जावे लागे, आणि तो व्यापारी पुढे जबाबदार राही. आज मराठीत आपण 'शहाजोग' हा शब्द काहीशा उपरोधाने, साळसूदपणाचा आव आणणाऱ्यासाठी वापरतो. हुंडीच्या कागदावर मात्र तो विश्वासाचा शब्द होता.

इंग्रजी अमलात व्यापार वाढला आणि मुंबई-कलकत्त्याच्या न्यायालयांपुढे विनिमयपत्रांचे तंटे येऊ लागले. त्यांसाठी कायदा करण्याचा प्रयत्न फार लांबला. तिसऱ्या विधी आयोगाने 1866 साली मसुदा तयार केला आणि 1867 साली तो विधिमंडळापुढे आला. इंग्रजी कायद्यापासून तो अनेक ठिकाणी दूर जातो, अशी हरकत व्यापारी वर्गाने घेतली. 1877 साली त्याची फेरमांडणी झाली, 1880 साली तो नव्या विधी आयोगाकडे गेला, आणि अखेर 9 डिसेंबर 1881 रोजी तो मंजूर होऊन 1 मार्च 1882 पासून अमलात आला. हाच परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे वकील मंडळींच्या बोलण्यातील निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. खुद्द इंग्लंडचा विनिमयपत्रांचा संहिताबद्ध कायदा यानंतर, 1882 च्या ऑगस्टमध्ये झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या अधिनियमाच्या पहिल्याच कलमात एक मोठी सवलत आहे. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या दस्तऐवजाबाबत जी स्थानिक रूढी असेल, तिला या कायद्याने बाध येत नाही. मात्र हा कायदाच लागू व्हावा असा उद्देश दस्तऐवजाच्या मजकुरात स्पष्ट असेल, तर रूढी बाजूला राहते. म्हणजे मोडीत लिहिलेली हुंडी पेढ्यांच्या रूढीने चालणार आणि त्याच सावकाराने इंग्रजीत लिहिलेले विनिमयपत्र कायद्याच्या कलमांनी चालणार! एकाच बाजारात, एकाच गादीवर दोन न्याय नांदू लागले.

कायद्याने जे शब्द बांधून दिले, त्यांपैकी 'धनादेश' हा एक होय. सहाव्या कलमाप्रमाणे धनादेश म्हणजे विशिष्ट बँकेवर काढलेले आणि मागणी करताच देय असलेले विनिमयपत्र. थोडक्यात, ती बँकेवरची दर्शनी हुंडीच. गंमत अशी की 'बँकर' या शब्दाची व्याख्या मात्र कायद्याने पूर्णपणे केली नाही. बँकर म्हणून काम करणारी कोणतीही व्यक्ती आणि टपाल बचत बँक यांचा त्या शब्दात समावेश होतो, एवढेच तिसरे कलम सांगते. बँक म्हणजे काय, हे सांगण्यासाठी पुढे आणखी 68 वर्षे जावी लागली.

बँकेत ठेवलेला पैसा कोणाचा? बहुतेकांचे उत्तर 'आमचा' असे असते. कायद्याचे उत्तर तसे नाही. फोली विरुद्ध हिल या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1848 साली निर्णय दिला की, ग्राहकाने बँकेत पैसे भरले म्हणजे ते बँकेचे होतात. बँक ही ग्राहकाची विश्वस्त नसून ऋणको आहे. ते पैसे बँकेने हवे तसे वापरावेत. तितकी रक्कम परत करण्याचे बंधन तेवढे तिच्यावर राहते. हेच तत्त्व आपल्याकडील न्यायालयांनीही स्वीकारले. ग्वाल्हेरच्या मंडळींना शिंदे सरकारची गंगाजळी ठाऊक आहे. त्या तळघरातील धन दरबारचे होते आणि ते तेथेच पडून होते. बँकेतील ठेवीला मराठीत आपण 'ठेव' म्हणतो. परंतु ती गंगाजळीसारखी ठेवलेली वस्तू नव्हे. ते आपण बँकेला दिलेले कर्ज होय.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे गोमंतकीयांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु या बँकेचा कारभार चाले. अनेक कुटुंबांनी तिच्याकडे सोन्याचे दागिने तारण ठेवले होते. डिसेंबर 1961 मधील मुक्तीपूर्वी ते सोने लिस्बनला हलविण्यात आले, आणि ते भारताकडे परत यावयास 1991 साल उजाडले. तारण ठेवलेल्या दागिन्याची मालकी कर्ज घेणाऱ्याचीच राहते. म्हणून तीस वर्षांनंतरही 'हा आमचा दागिना' असे म्हणता येत होते. रोख ठेवीच्या बाबतीत असे विशिष्ट नाणे दाखवून हक्क सांगता येत नाही. तेथे फक्त येणे असते, आणि ऋणको बुडाला की येणेही बुडते.

आता धनादेशाच्या वसुलीकडे वळू. आपण दुसऱ्याचा धनादेश आपल्या बँकेत भरतो आणि आपली बँक तो वसूल करून आणते. समजा, तो धनादेश चोरीचा निघाला. खऱ्या मालकाने नुकसानभरपाई कोणाकडे मागावी? अधिनियमाचे 131 वे कलम सांगते की, बँकेने रेखांकित धनादेशाची रक्कम सद्भावनेने, हयगय न करता आणि आपल्या ग्राहकासाठी वसूल केली असेल, तर ग्राहकाचा हक्क सदोष ठरला तरी बँक जबाबदार नाही. यातील 'ग्राहकासाठी' या एका शब्दावर इंग्लंडमध्ये 1903 साली मोठा पेच उभा राहिला. कॅपिटल अँड काउंटीज बँक विरुद्ध गॉर्डन या खटल्यात असे ठरले की, धनादेशाची रक्कम वसूल होण्यापूर्वीच बँकेने ती ग्राहकाच्या खात्यात जमा केली असेल, तर पुढची वसुली बँकेने ग्राहकासाठी नव्हे, स्वतःसाठीच केली. सबब तिला संरक्षण नाही. धनादेश भरताच खात्यात जमा दाखविणे हा तर बँकांचा नित्याचा परिपाठ होता! इंग्लंडने 1906 साली कायदा करून ही अडचण दूर केली. आपल्याकडे तेच स्पष्टीकरण 131 व्या कलमाला 1922 साली जोडण्यात आले.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. धनादेशाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढून त्यांत आपण 'अकाउंट पेयी' असे लिहितो. ज्याच्या नावाचा धनादेश त्याच्याच खात्यात रक्कम जावी, असा त्याचा अर्थ. हे शब्द 1881 च्या अधिनियमाच्या रेखांकनाच्या कलमांत कोठेही नाहीत. ते व्यवहारातून रूढ झाले, न्यायालयांनी त्यांना वसुली करणाऱ्या बँकेसाठी दिलेली सूचना मानले आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशांनी त्यांना बळ आले. जे काम शहाजोग हुंडीत बाजारातील प्रतिष्ठित माणूस करी, तेच काम आता रेखांकनाने आणि बँकेतील खात्याने करावयाचे आहे. ग्राहकाचे खाते उघडताना ओळख मागतात, तिचेही मूळ येथेच आहे. ओळख न पाहता खाते उघडले तर ती 131 व्या कलमातील हयगय ठरू शकते.

संस्थानी मुलुखात हा पालट आपापल्या गतीने झाला. बडोद्यात हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्या पेढ्यांचा जमाना मागे पडला आणि सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. तीही संस्थानच्या स्वतःच्या 1897 च्या कंपनी कायद्याखाली. इंदूरला तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात 1920 साली बँक ऑफ इंदूर निघाली. हैदराबादेत 1941 साली हैदराबाद स्टेट बँकेची स्थापना झाली. तेथे हाली सिक्का आणि कलदार रुपया अशी दोन चलने असल्याने सात हालीस सहा कलदार हा हिशेब प्रत्येक शेजाऱ्याच्या तोंडी होता. हुंडणावळ हैदराबादेत अशी विसाव्या शतकातही जिवंत होती. बेळगाव मुंबई इलाख्यात असल्याने तेथे 1881 चाच कायदा प्रथमपासून होता. विलीनीकरणानंतर सर्वत्र एकच कायदा आला. संस्थानांनी स्थापिलेल्या बँकांपैकी इंदूरची 2010 साली आणि हैदराबादची 2017 साली स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पाट्या उतरल्या, पण ठेवीदारांचे येणे नव्या ऋणकोवर तसेच कायम राहिले.

बँकिंगची व्याख्या अखेर 1949 च्या कायद्याने केली. कर्जाऊ देण्यासाठी किंवा गुंतविण्यासाठी जनतेकडून पैशाच्या ठेवी स्वीकारणे, ज्या मागणी करताच किंवा अन्यथा परत करावयाच्या आहेत आणि धनादेशाने, ड्राफ्टने, आदेशाने किंवा अन्य रीतीने काढून घेता येतात, म्हणजे बँकिंग. व्याख्या झाली, तरी ठेव सुरक्षित झाली नाही. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक कोसळल्या, तेव्हा ठेवीदारांच्या हाती काहीतरी राहावे म्हणून ठेव विम्याचा कायदा 1961 साली झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून तो सुरू झाला. आरंभी मर्यादा दरडोई 1,500 रुपयांची होती. ती 1993 साली 1 लाख आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख रुपये झाली. सहकारी बँकांना हे छत्र 1968 च्या दुरुस्तीने मिळू लागले.

आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. आपल्या समाजातील निवृत्त मंडळींच्या ठेवी पुष्कळदा ओळखीच्या पतसंस्थेत असतात. चालक आपल्यातलेच, व्याज थोडे अधिक, कचेरी घराजवळ. म्हणजे विश्वास जुन्या शहाजोग पद्धतीचाच. परंतु पतसंस्था ही कायद्याच्या व्याख्येत बँक नाही. तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. विमा ठेवपावतीनुसार नसून एका बँकेतील एका ठेवीदारास एकत्रित मिळतो, हेही अनेकांस ठाऊक नसते. त्याच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या केल्या, तरी एकाच हक्काने धारण केलेल्या ठेवींची मर्यादा एकच राहते.

धनादेशाची व्याख्याही पुढे विस्तारली. 2002 च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील धनादेश आणि ज्याचा कागद न जाता केवळ प्रतिमा जाते असा धनादेश यांचा सहाव्या कलमात समावेश झाला. 4 ऑक्टोबर 2025 पासून अशा प्रतिमांचे समाशोधन दिवसभर अखंड चालू लागले. कागद जागचा हलत नाही, प्रतिमा काही तासांत पोचते. पेठ आणि परपेठ यांची गरजच उरली नाही.

कागद, लिपी, नाणे आणि राज्य ही सारी बदलली. ठेवीदार हा धनको आणि पेढी ही ऋणको, हे नाते मात्र पुण्याच्या सावकारापासून आजपर्यंत तेच आहे. आपल्या वाडवडिलांनी ऋणकोची पत पाहिल्याशिवाय हुंडी घेतली नाही. घरातील ठेवपावत्या एकदा काढून, ज्या संस्थेच्या नावाने त्या आहेत ती कायद्याने बँक आहे किंवा नाही, एकाच ठिकाणी पाच लाखांहून अधिक रक्कम आहे काय, आणि वारसाचे नाव नोंदविले आहे काय, एवढे प्रत्येक कुटुंबाने तपासून पाहावे, ही आमची विनंती आहे.