यादीतून गाळलेली नावे : संगणकातील लपवलेल्या फायलींचा इतिहास

१/ संगणकावरील एखादी फाइल ‘लपवली’ की ती कोठेही जात नाही. डिस्कवरील तिची जागा तीच राहते, आकारही तोच राहतो. यादी दाखवणारा प्रोग्राम तिचे नाव गाळतो, इतकेच. म्हणूनच लपवलेल्या फायलींचा इतिहास हा वास्तविक यादीचा इतिहास आहे. यादीतून काय गाळावे हे कोणी ठरवायचे आणि गाळलेले पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न. 🧵

२/ आरंभ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी १९६९ पासून तेथे युनिक्स ही संगणकप्रणाली घडवत होते. पुढे तिच्यात फोल्डरच्या आत फोल्डर ठेवण्याची रचना रुळली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी आल्या. एक टिंब म्हणजे ‘हेच फोल्डर’. दोन टिंबे म्हणजे ‘याच्या वरचे फोल्डर’.

३/ फायलींची यादी मागणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेत ही टिंबे दर वेळी दिसू लागली. ती टाळण्यासाठी थॉम्पसन किंवा रिची यांपैकी कोणीतरी एक छोटी अट घातली : नावाचे पहिले अक्षर टिंब असेल, तर ते नाव सोडून द्यावे. दोन नेमकी नावे तपासण्यापेक्षा हे सोपे होते. परंतु त्यामुळे टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव यादीतून गळाले. बेल प्रयोगशाळेतच काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत लिहिली. लपवलेल्या फाइलची कल्पना अशी अनवधानाने जन्मली, असे त्यांचे मत आहे.

४/ ही वाट सापडताच अनेक प्रोग्राम आपापल्या सेटिंगच्या फायली टिंब लावून वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये टाकू लागले. न दिसणारी अडगळ साचत गेली. तरीही युनिक्सचा पडदा पातळ होता. ‘एलएस’ला ‘-ए’ जोडले की सारी नावे समोर येत.

५/ १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर आलेल्या डॉसने निराळा मार्ग घेतला. तेथे नावाशी संबंध नव्हता. डिस्कवरील प्रत्येक फाइलच्या नोंदीत एक बाइट तिच्या गुणधर्मांसाठी राखलेला होता. त्यातील एक बिट ‘लपवलेली’ आणि दुसरा ‘प्रणालीची’ असे सांगे. संगणक सुरू होण्यास आवश्यक अशा दोन फायली या खुणांमुळे यादीत दिसत नसत. त्या चुकून पुसल्या गेल्या, तर त्या डिस्कवरून यंत्र सुरूच झाले नसते. येथे लपवण्यामागे सावधगिरी होती.

६/ मात्र पडदा उचलण्याची सोपी आज्ञा मालकाला मिळाली नव्हती. ती उणीव इतरांनी भरून काढली. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ च्या प्रसिद्ध उपयुक्त प्रोग्राम-संचात फायली लपवण्या-उघडण्याचे साधनही होते. डॉसमधील ‘ॲट्रिब’ या आज्ञेला लपवण्याची खूण लावण्याचे व काढण्याचे सामर्थ्य १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत मिळाले. म्हणजे मधली दहा वर्षे खूण होती, पण ती पुसण्याचे साधन बाहेरून आणावे लागे.

७/ विंडोजने ही खूण पुढे चालवली आणि ओळखीच्या फायलींच्या नावांची शेपटेही झाकली. ४ मे २००० रोजी मनिलाहून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने नेमका याचा लाभ घेतला. त्याच्या फाइलचे खरे शेपूट झाकले जाई आणि ती साधे पत्र भासे. उघडल्यावर तो छायाचित्रांच्या जागी स्वतःची प्रत लिही. एमपीथ्री गाणी मात्र नष्ट न करता लपवी आणि त्याच नावाने आपली प्रत ठेवी. अनेकांना गाणी गेली असे वाटले. प्रत्यक्षात ती जागेवरच होती.

८/ ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या तज्ज्ञांनी उघड केले, की सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडी संगणकात गुपचूप असा प्रोग्राम बसवतात, जो ‘डॉलर-सिस-डॉलर’ने सुरू होणारे प्रत्येक नाव विंडोजच्या यादीतून गाळतो. हेतू होता नक्कल रोखण्याचा. येथे ‘लपवलेल्या फायली दाखवा’ हा पर्यायही निरुपयोगी होता, कारण प्रणालीचे उत्तरच वाटेत बदलले जाई. काही दिवसांतच इतरांचे घातक प्रोग्राम त्याच नावाआड दडू लागले. नोव्हेंबरमध्ये कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या; खटलेही झाले.

९/ त्यानंतरच्या काळात पेन ड्राइव्हवरून पसरणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ महाराष्ट्रातील झेरॉक्सच्या दुकानांत आणि सायबर कॅफेंत नित्याचा झाला. तो खऱ्या फोल्डरवर ‘लपवलेले’ आणि ‘प्रणालीचे’ अशा दोन्ही खुणा लावी आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करी. विंडोज या दोन खुणांच्या फायली वेगळ्या पर्यायाखाली झाकते. त्यामुळे नेहमीचा पर्याय निवडूनही काही दिसत नसे. सारे गेले असे समजून पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर शाबूत असलेला प्रबंध मालकाच्याच हातून पुसला जाई. आधी विषाणू काढून मग ‘ॲट्रिब’ला ‘वजा एच, वजा एस’ जोडणाऱ्याला तो परत मिळे.

१०/ आज विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘हिडन आयटम्स’ निवडले, मॅकवर कमांड-शिफ्ट-टिंब दाबले, किंवा लिनक्सच्या बहुतेक फाइल-खिडक्यांत कंट्रोल-एच दाबले, की गाळलेली नावे परत येतात. जे इतक्या सहज उघडते ते कुलूप नव्हे. गोपनीय कागद राखायचे असतील, तर कूटबद्ध करून पासवर्ड लावावा लागतो.

११/ बेल प्रयोगशाळेतील ते टिंब अँड्रॉइड फोनपर्यंत पोहोचले आहे. एखाद्या फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ नावाची रिकामी फाइल ठेवली, की गॅलरी तेथील छायाचित्रे सहसा दाखवत नाही. छायाचित्रे मात्र फोनमध्येच असतात. म्हणून एखादी फाइल दिसेनाशी झाली, तर काही पुसण्यापूर्वी गाळलेल्या नावांसह यादी एकदा मागून पाहावी.