वाक्यांची जोड आणि विरामचिन्हे

दोन वाक्ये एकत्र कशी आणावीत, हे मुलांना शिकविताना प्रथम स्वल्पविरामाकडे बोट दाखविले जाते. मराठी गद्याच्या इतिहासातील क्रम मात्र याच्या नेमका उलट आहे. वाक्ये जोडण्याची साधने या भाषेजवळ अनेक शतके होती. चिन्हांची व्यवस्था तिला एकोणिसाव्या शतकात लाभली.

मोडी लेखनात आधी ओळभर रेघ ओढीत आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दाशब्दांत अंतर नसे, विरामचिन्हेही नसत. बाळबोध पोथ्यांत दंड असे. पण तो मुख्यतः श्लोकाचे किंवा ओवीचे माप दाखवी. तरीही पत्रे व बखरी वाचल्या जात, कारण वाक्याचे सांधे शब्दांतच होते. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. त्यामुळे ‘केले’, ‘पाठविले’, ‘आहे’ ही रूपेच पूर्णविरामाचे काम करीत. मधल्या क्रिया ‘करून’, ‘जाऊन’, ‘असता’ अशा धातुसाधितांनी ओवल्या जात, आणि ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’ या जोड्या एक वाक्य दुसऱ्यात गुंतवीत.

ही व्यवस्था सरावलेल्या कारकुनाला पुरेशी होती. छापखाना आणि नव्या शाळा आल्या, तेव्हा वाचक बदलला. मजकुराचा पूर्वपरिचय नसलेल्या मुलाला छापील पानावरून अर्थ लावावयाचा होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये पूर्णत्वास नेणारे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक सिद्ध केले. इंग्रजीतील चिन्हे मराठीत रूढ होण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. हिंदीने पूर्णविरामासाठी दंड राखला. मराठीने टिंब पत्करले. पुढे १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जी दीर्घ, अनेक उपवाक्यांची रचना योजिली, तिला या चिन्हांचा आधार मिळाला.

परंतु चिन्हे परकी असली, तरी त्यांचा वापर सर्वस्वी परका राहिला नाही. ‘असे दिसते की, …’ या छापील मराठीतील जुन्या वळणात स्वल्पविराम ‘की’च्या पुढे पडतो. इंग्रजीत त्या जागी स्वल्पविराम बहुधा येतच नाही. मराठी वाचणारा श्वास घेतो तो ‘की’ म्हटल्यानंतर, आणि चिन्हाने त्या श्वासाचे अनुकरण केले आहे.

या इतिहासाचा शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. ‘घंटा वाजली मुले बाहेर आली’ असे मूल लिहिते, तेव्हा मध्ये स्वल्पविराम घातल्याने दोष झाकला जातो. संबंध स्पष्ट होत नाही. घंटा वाजल्यावर मुले आली, की वाजली म्हणून आली, की वाजली तरीही आली? हा निर्णय शब्दच करू शकतो. उलट, ‘घंटा वाजवून मुले बाहेर आली’ असे लिहिले तर घंटा मुलांनीच वाजविली असा अर्थ होतो. केवळ ‘ऊन’ प्रत्यय जोडणे पुरेसे नाही; दोन्ही क्रियांचा कर्ता एक आहे की नाही, हेही पाहावे लागते. चिन्ह यांपैकी काहीच ठरवीत नाही. ते ठरलेला संबंध डोळ्यांना दाखविते.

म्हणून मुलांना आधी एकच प्रसंग ‘ऊन’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘जेव्हा–तेव्हा’ अशा निरनिराळ्या रीतींनी तोंडी जोडावयास सांगावे. प्रत्येक वेळी अर्थ कसा पालटतो ते त्यांनीच ओळखावे. आणि मग मोठ्याने वाचताना जेथे थांबावे लागते, तेथे कोणते चिन्ह शोभेल याचा विचार करावा. मराठी गद्य ज्या क्रमाने वाढले, तोच क्रम ते लिहू लागलेल्या मुलालाही सोयीचा आहे.