शनिवारची हंडी

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. थंडीच्या दिवसांत सकाळी कामाला निघताना ती विजेच्या हंडीत सॉसेजचे तुकडे, पांढरा घेवडा, बटाटे, गाजर आणि पाणी घालून झाकण लावते. संध्याकाळी घरी येते तेव्हा दाट सूप तयार असतं. ‘काका, यात संशोधन करण्यासारखं काय आहे?’ हा तिचा प्रश्न आमच्या घरात अजून चेष्टेचा विषय आहे.

ही हंडी मुळात शनिवारची. ज्यू धर्मात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत, विस्तव पेटवणं वर्ज्य. कोकणातल्या बेने इस्रायलींचा घाणा त्या दिवशी बंद असे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मग त्या दिवशी गरम जेवण कुठून आणायचं? पूर्व युरोपातल्या ज्यूंनी घेवडा, जव, मांस आणि कधी पीठ-चरबी भरलेलं आतडं एका हंडीत घालून ती शुक्रवारी गावच्या पाववाल्याच्या भट्टीत ठेवली. विझत्या भट्टीच्या उबेवर रात्रभर शिजणारा हा पदार्थ म्हणजे चोलंट. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकानं लिथुआनियातल्या आजीच्या या हंडीची गोष्ट आईकडून ऐकली होती. त्यानं भांड्याभोवती विजेची तार गुंडाळून मंद आच सगळीकडून दिली, 1936 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1940 साली ते मिळवलं. 1970मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा उद्योग विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आला. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला.

मला जास्त खेचलं ते स्पेनकडे. तिथल्या ज्यूंची शनिवारची हंडी ‘अदाफिना’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पुरलेली. निखाऱ्यांत पुरून ठेवत म्हणून. आपल्या ‘दफन’ची ही सख्खी बहीण. इन्क्विझिशनच्या फर्मानांत शुक्रवारीच शनिवारचं जेवण करून ठेवणं ही गुप्त ज्यू ओळखण्याची खूण होती. धर्मांतरितांनी त्याच हंडीत डुकराचं मांस आणि सॉसेज घालून आपली निष्ठा दाखवली आणि त्यातून स्पेनचा ‘कोसिदो’ जन्मला, असं अनेक अभ्यासक मानतात. पुरावा कागदाचा नाही, पण मला ते पटतं. भीतीनंही पाककृती बदलतात.

ही भीती आपल्याही किनाऱ्यावर उतरली. गोव्यात इन्क्विझिशन 1560 साली आलं. त्यानंतर तीन वर्षांनी गोव्यातच आपला वनौषधींवरचा ग्रंथ छापणारा गार्सिया द ओर्ता हा वैद्य ज्यू वंशाचा. तो 1568 साली वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. 1580 साली त्याची हाडं उकरून जाळली. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, तोच हा माणूस. स्वयंपाकघरावरची नजर तिथेही संपली नाही. अ. का. प्रियोळकरांनी प्रकाशात आणलेल्या 1736च्या फर्मानात, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवून नंतर वर मीठ घेण्यालाही नव्या ख्रिस्त्यांना बंदी आहे. म्हणजे मीठ केव्हा घालायचं, हासुद्धा धर्माचा प्रश्न झाला होता.

गोव्याच्या फेजोआदात आज राजमा आणि झणझणीत चोरिस मंद आचेवर एकत्र शिजतात. ते खाताना कुणी हा हिशेब मांडत नाही, आणि मांडूही नये.

पुतणीला मात्र एक गोष्ट मी बजावून सांगितली आहे. राजमा रात्रभर भिजवून, पाणी ओतून, चुलीवर दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मगच विजेच्या हंडीत टाकायचा. कच्च्या राजम्यातलं विष तिच्या मंद आचेवर मरेलच असं नाही, पोट चांगलंच बिघडतं. ती हो म्हणाली. शोरिसू ती नेवार्कच्या पोर्तुगीज वस्तीतून आणते. हंडी शनिवारीही लावते, कारण त्या दिवशी पोराचा क्रिकेटचा क्लास असतो.