अडखळत्या वाणीची परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला पाचवीत वर्णमाला नव्याने शिकविली होती. 'क' म्हणा, कंठाकडे लक्ष द्या. 'त' म्हणा, जीभ दातांना कोठे टेकते ते पाहा. 'प' म्हणा, ओठ मिटले की नाही? त्याच गुरुजींना उतारवयात अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, बोलणे जड व अस्पष्ट झाले. भेटीस येणारे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्याने बोलत, कोणी त्यांच्यादेखत घरच्यांना विचारी, "यांना काही कळते का हो?" गुरुजींना सारे कळत होते. उजव्या हाताने पाटीवर ते पूर्वीच्याच वळणदार अक्षरांत उत्तर लिहीत.

बोलणे बिघडले म्हणजे बुद्धी गेली, हा समज जुना आहे. वैद्यकाने तो कसा तपासून पाहिला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्यांपुढे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याच्या तोंडून 'टॅन' या अक्षरापलीकडे फारसे काही निघत नसे. ब्रोकांनी त्याची जीभ तपासली. ती हवी तशी हलत होती. येथे किती वर्षे आहेस, असे विचारता त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखविले. एकवीस वर्षे! उत्तर बरोबर होते. जीभ शाबूत, समज बरीचशी शाबूत, तरी वाणी नाही. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागात विकृती आढळली. बोलणे, समजणे आणि जिभेची हालचाल या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासावयाच्या असतात, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे पॅरिसमध्येच साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे संथ, अक्षर-अक्षर तोडून मोजल्यासारखे बोलणे वर्णिले. बोलण्याची ढब हेच रोगाचे लक्षण ठरू लागले.

या निरीक्षणांना शिस्त लावली ती अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डार्ली, अ‍ॅरन्सन आणि ब्राऊन या तिघांनी. मज्जासंस्थेच्या सात प्रकारच्या विकारांतील २१२ रुग्णांचे बोलणे त्यांनी ध्वनिफितींवर ऐकले आणि ३८ गुणलक्षणांवर प्रत्येकाची प्रतवारी केली. १९६९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व १९७५ साली त्यांचा ग्रंथ आला. स्नायू ढिले पडले तर आवाजात श्वास मिसळतो व उच्चार नाकातून येतात. ते ताठरले तर आवाज घुसमटलेला व बोलणे संथ होते. लहान मेंदू बिघडला तर उच्चार अनियमित ढासळतात. पार्किन्सनच्या विकारात आवाज हळू व एकसुरी होतो. या साऱ्यांस मिळून 'डिसार्थ्रिया' म्हणतात. स्नायू बळकट असूनही उच्चारांची जुळणी चुकते, त्या विकारास डार्ली यांनी 'वाणीचा अ‍ॅप्रॅक्सिया' म्हटले.

परीक्षेची साधने अगदी साधी आहेत. एका श्वासात लांब 'आ' म्हणावयाचा. मग 'प-प-प', 'त-त-त', 'क-क-क' भराभर म्हणावयाचे; त्यातून वेग व लय कळते. शेवटी 'प-त-क' सलग म्हणावयाचे. एकेक अक्षर साधते, पण तिन्हींची साखळी तुटते, अशा वेळी अ‍ॅप्रॅक्सियाची शंका येते. ओठांपासून कंठाकडे जाणारा हा क्रम ऐकला की कंठापासून ओठांकडे येणारी आपली वर्णमाला आठवल्यावाचून राहत नाही. गुरुजींनी नकळत आम्हांला त्याच स्थानांची ओळख करून दिली होती.

मात्र एक सावधगिरी हवी. केवळ कानाने केलेल्या निदानात जाणकारांचेही एकमत होत नाही, असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणून मज्जासंस्थेची तपासणी आणि मेंदूची छायाचित्रे यांची जोड आवश्यक ठरते. शिवाय इंग्रजी उताऱ्यांवर बेतलेली परीक्षा मराठी माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही. 'ळ', 'ण' आणि महाप्राण वर्णांची कसोटी मराठी उताऱ्यावरच लागते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ साली स्थापन झाली. आपल्या शाळेतील काही मुलांनी या विद्येकडे वळावे, असे मला मनापासून वाटते.

आणि ज्यांना वैद्यक शिकावयाचे नाही, त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा आहे: ज्याची वाणी अडखळते त्याच्याशी बोलताना आवाज चढवू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, उत्तरासाठी थांबावे. गुरुजी आमच्या उत्तरांसाठी असेच थांबत असत. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.