एका नावाच्या दोन गाड्या

हायब्रिड म्हटले की आपल्याकडील जुन्या माणसांना ज्वारी आठवते. १९६४ साली संकरित ज्वारीचे बियाणे निघाले आणि हा शब्द भाकरीपर्यंत जाऊन पोहोचला. मोटारीतला संकर मात्र त्याहून जुना. १९०० साली फर्डिनांड पोर्शे या तरुणाने पेट्रोलच्या इंजिनांवर वीज निर्माण करून चाकांतल्या मोटरी फिरवणारी गाडी बनवली होती. ती जड आणि महाग. साध्या पेट्रोलगाडीपुढे तिचा निभाव लागला नाही.

ती कल्पना पुन्हा बाजारात उभी राहिली जपानात. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने 'प्रियस' विकायला काढली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंते. तिचा नमुना प्रथम एकोणपन्नास दिवस जागचा हललाच नाही, असे सांगतात! या गाडीत इंजिन आणि विजेची मोटर यांचा संसार बरोबरीचा. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी रचलेली दंतचक्रे दोघांची शक्ती वाटून देतात. गर्दीत, संथ चालीत इंजिन स्वस्थ झोपते आणि मोटर एकटी गाडी ओढते. हा 'फुल हायब्रिड'.

१९९९ साली होंडाची 'इनसाइट' आली. तीन सिलिंडरांचे लिटरभर इंजिन आणि त्याला बिलगून बसवलेली पातळशी मोटर. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ही मोटर विजेच्या रूपाने साठवी आणि वेग घेताना इंजिनाला हात देई. पण एकटीने गाडी ओढणे तिच्याने होत नसे. मिस्त्रीच्या हाताखालचा पोऱ्याच म्हणा ना. हा 'माइल्ड हायब्रिड'.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या सरकारी मोजणीत पोऱ्यावाली इनसाइट पुढे आणि प्रियस मागे! कारण इनसाइटचे अंग ॲल्युमिनियमचे, हलके. बसायला जागा दोघांपुरती. मुलेबाळे घेऊन देवदर्शनाला निघणाऱ्यांनी तिचे काय करावे? २००६ मध्ये तिचे ते रूप बंद पडले. पाच माणसांची प्रियस जगभर गेली.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ पासून दोन्ही प्रकारांना सवलत दिली आणि एप्रिल २०१७ पासून माइल्डची काढून घेतली. तरी नाव दोघांचे एकच राहिले, आणि गिऱ्हाईक फसते ते तिथेच. २०२२ साली मारुतीची 'ग्रँड व्हिटारा' दोन्ही प्रकारांत निघाली. बाहेरून पाहावे तर जुळ्या बहिणी. किंमत विचारली की अंतर कळे: माइल्ड साडेदहा लाखांच्या आतून सुरू होई, दुसरी अठराच्या घरात. कंपनीच्या तेव्हाच्या हिशेबाने लिटरमागे पहिली २१.११ किलोमीटर जाई, दुसरी २७.९७.